पन्नासच्या वरचे सात

रविवार, ८ मार्च

एकतीस वर्षं ड्युटीचं रजिस्टर भरलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दिवसाची नोंद केल्याशिवाय हाताला चैन पडत नाही. एरवी या वहीत असतं काय? गुडघा दुखला, गॅस संपला, जावयाचा बोटीवरून फोन आला. आज मात्र लिहिण्यासारखं आहे.

आज भिंगरीने चेंडू फेकले.

भिंगरी म्हणजे माझी नात, लेकीची लेक. पुढच्या महिन्यात बारा पूर्ण. रांगायला लागल्यापासून एका जागी बसली नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलं. वर्षभर ती बेसबॉल खेळायला जातेय. मला वाटायचं, पोरांच्या घोळक्यात ही एकटी मुलगी, लांब कुठेतरी उभी राहून चेंडू आणून देत असेल. आज त्यांचा नेहमीचा पिचर तापाने झोपला आणि सरांनी हिला मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर उभं केलं. पिचर म्हणजे फेकणारा. समोर बॅट घेऊन एकेक जण येतो, त्याला चकवायचं. तीन वेळा चकवलं की तो बाद.

भिंगरीने आठ जण बाद केले. आठ! त्यातल्या एकाला तर मला मिसरूड दिसत होतं. म्हणे तेरा वर्षांखालचा.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुणाची हो ही?"

"माझी," मी म्हणाले. मग म्हटलं, "म्हणजे, नात."

सहा वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. बरं वाटलं.


शनिवार, १४ मार्च

सरांनी मला काम दिलं. सरांची कोपऱ्यावर लाँड्री आहे, दिवसभर इस्त्री करतात आणि संध्याकाळी पोरांना शिकवतात. काही घेत नाहीत. माणूस सरळ, पण जरा भित्रा.

म्हणाले, "आजी, भिंगरी आता पिचर म्हणूनच खेळेल. तिच्या फेकी मोजाल का? नियम आहे. एका सामन्यात पन्नासपर्यंत चालतं. त्याच्या वर एक जरी गेली तरी पुढचे तीन दिवस हात बंद. या वयात कोपराची हाडं कोवळी असतात."

मला हसू आलं. "सर, तुम्ही पाटी घेऊन शाळेत जात होतात तेव्हापासून मी ती हाडं बघतेय."

मी एक्स-रे काढायचे. हॉस्पिटलात सगळे मला फिल्मबाई म्हणत. लहान मुलांच्या फोटोत हाडाच्या टोकाशी एक काळी फट दिसते, तिथून हाड वाढतं. नवखे डॉक्टर ती बघून दचकायचे. मी हळूच सांगायचे, "मोडलं नाही डॉक्टर, वाढतंय."

हे सगळं सरांना सांगितलं. हात जोडून म्हणाले, "मग मला काळजीच नको."


बुधवार, २५ मार्च

सरांचा सराव आठवड्यातून तीन दिवस. तेवढ्याने काय होतंय? मी गच्चीवर जुनी गादी भिंतीला टेकवून उभी केली, मधोमध खडूने चौकोन आखला. सराव नसेल त्या दिवशी तीस फेकी. तिसातल्या वीस चौकोनात बसायला हव्यात, नाही बसल्या तर पुन्हा पहिल्यापासून. या काही मोजणीत धरायच्या नसतात, या घरच्या.

लेक कामावरून आली ती तडक गच्चीवरच. औषधांच्या गोदामात सात वाजेपर्यंत उभी असते, दमलेली असते.

"आई, खेळू दे ना तिला नुसतं."

"खेळतेच आहे की."

"हे खेळणं आहे?"

मी खडूचा चौकोन पुन्हा गिरवला. लेक शाळेत अडथळ्यांची शर्यत धावायची. कपाटात अजून तीन पदकं आहेत. त्यातली एकही शर्यत मी पाहिली नाही. कधी सकाळची ड्युटी, कधी दुपारची. ते मला आतून खातं. आता हातात वेळ आहे, तर मी तीच चूक परत करायची का?


रविवार, ५ एप्रिल

लागोपाठ तिसरा विजय. मैदानावर आता माझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवतात. एका मुलाचे आजोबा उठून उभे राहिले, म्हणाले, "भिंगरीच्या आजी ना? बसा, बसा." मी बसले. नको म्हणायला काही कारण दिसलं नाही.

भिंगरीने केस अगदी कानापर्यंत कापून घेतले. वेणी घालायला वेळ जातो म्हणाली. मला हळहळ वाटली, पण कौतुकही वाटलं. खेळाडूची शिस्त अंगात मुरतेय. दप्तर हल्ली डाव्या खांद्यावर, दातही डाव्या हाताने घासते. विचारलं तर म्हणाली, "डाव्याला पण सवय हवी." बारा वर्षांची पोर आणि केवढा लांबचा विचार!

प्रत्येक फेकीनंतर ती माझ्याकडे बघते. मी मान हलवते. दोघींचं आमचं चाललेलं असतं.


शुक्रवार, १७ एप्रिल

आज गच्चीवर यायला तयार नव्हती. पोट दुखतं म्हणाली. काल डोकं दुखत होतं. मी म्हटलं, उपांत्य सामना सहा दिवसांवर आला आणि आता कसली दुखणी काढतेस? आली मुकाट्याने. बावीस फेकून थांबली आणि कोपर धरलं.

"इथे ओढल्यासारखं होतं."

मी आतल्या बाजूला बोटाने दाबून पाहिलं. तिने श्वास आत ओढला. स्नायू आखडलाय. फेकणाऱ्यांना होतंच. कोमट तेल लावून चोळलं, गरम पाण्याची पिशवी धरली.

"आईला सांगू?" तिने विचारलं.

"सांग की. पण ती खेळच बंद करून टाकेल."

तिने चेंडू गोळा करायला घेतले. शहाणी आहे.


गुरुवार, २३ एप्रिल

अंतिम सामन्यात पोचलो! आधी तेच लिहिते.

आता दुसरं. सरांनी सकाळीच बजावलं होतं, "आजी, पंचेचाळीस झाल्या की हात वर करा. मी तिला काढतो. पन्नासच्या आत राहिली तर शनिवारी अंतिम सामना खेळेल, नाहीतर गेली."

मी मोजत होते. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पण खेळ असा रंगला की हात रेघा ओढत राहिला आणि डोळे तिच्यावर. तीन बेसवर, म्हणजे धावेच्या तीन थांब्यांवर, त्यांचे तीन जण उभे, एक फटका की सामना गेला, आणि भिंगरीने एकामागून एक दोघांना चकवलं. लोक उभे राहिले. मीही उभी राहिले. गुडघ्याची आठवणसुद्धा झाली नाही.

तेवढ्यात सर ओरडले, "आजी, किती?"

कागदाकडे पाहिलं. त्रेपन्न.

हात वर करायला विसरले होते मी. चूक माझी, आणि अंतिम सामना जाणार तिचा. किती वेळ विचार केला माहीत नाही. फार नाही केला.

"शेहेचाळीस," मी म्हणाले.

"मग चार टाकू द्या अजून," सर म्हणाले.

तिने चार टाकल्या. मग सरांनी तिला काढलं आणि पुढचं दुसऱ्या मुलाने निभावलं. कागदावर रेघा गिचमिड झाल्या होत्या, म्हणून मी नव्या कागदावर नीट उतरवून पंचांना दिल्या. पन्नास.

पन्नासच्या वर सात. सातांनी काय होतंय? काही तर धड फेकीसुद्धा नव्हत्या, नुसत्या हातातून निसटलेल्या. घरी येताना रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. इतकी दमली होती, माझं वासरू.


शनिवार, २५ एप्रिल

सकाळी नाश्त्याबरोबर दुखण्याची अर्धी गोळी दिली. दुखत नाही म्हणाली, तरी आपली खबरदारी. अकराला सामना. निळी साडी नेसतेय, फोटो निघतील.


सोमवार, २७ एप्रिल

दोन दिवस वही उघडली नाही. आता लिहिते, जसं झालं तसं.

तिसरी इनिंग होती. तिने हात मागे नेला, पुढे आणला आणि चेंडू समोर जायच्या ऐवजी बाजूला जाऊन पडला. पोरं हसली. मग दिसलं की ती कोपर पोटाशी धरून खाली बसलीय. तोंड उघडं, पण आवाज नाही. पहिल्यांदा सर धावले. मी खुर्चीतून उठायला धडपडत होते.

माझ्याच जुन्या हॉस्पिटलात नेलं. एक्स-रे काढणारा मुलगा माझ्याच हाताखाली शिकलेला. हाडांचे डॉक्टरही तेच, ज्यांना मी एके काळी "मोडलं नाही, वाढतंय" म्हणून सांगितलं होतं. आता त्यांचे केस पिकलेत. त्यांनी फोटो पडद्यावर लावला. जरा बाजूला सरकले, मला दिसावं म्हणून.

कोपराच्या आतल्या बाजूचा हाडाचा तुकडा वाढीच्या जागेवरून उपटून खाली ओढला गेला होता. असे फोटो मी शेकड्यांनी पाहिलेत. त्या मुलांच्या आजीचा विचार कधी मनात आला नव्हता.

"एका दिवसात असं होत नाही, फिल्मबाई," डॉक्टर हळू म्हणाले. "आधीपासून ताण असणार." मग भिंगरीला विचारलं, "किती दिवस दुखत होतं, बाळा?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"आजच," ती म्हणाली.

मी तिथेच होते. मी बोलले नाही.


बुधवार, २९ एप्रिल

ऑपरेशन झालं. तुकडा जागेवर बसवून एक छोटा स्क्रू घातला. प्लास्टर. डॉक्टर म्हणतात वर्षभर पिचिंगचं नावही काढायचं नाही, आणि कोपर पूर्वीसारखं पूर्ण सरळ होईल याची खात्री देता येत नाही.

सर मोसंबी घेऊन आले होते. बाहेर बाकावर लेक बसली होती. तिने त्यांना बघितलं मात्र, इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं.

"तुमच्या भरवशावर पोर दिली होती मी! मोजत नव्हतात तुम्ही? डोळे कुठे होते तुमचे?"

सर उभ्या उभ्या लहान झाले. "मोजत होतो, ताई. पन्नासच झाल्या होत्या. तरी माझंच चुकलं असेल. एका दिवसाच्या अंतराने तिला उतरवायलाच नको होतं मी."

"असेल म्हणजे काय? चुकलंच!"

"हो," सर म्हणाले. "चुकलंच."

मी मोसंब्यांची पिशवी हातात घेऊन उभी होते. सरांनी ती माझ्याच हातात दिली होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिले.

तुकडा काही सात फेकींनी निघाला नाही, डॉक्टर स्वतःच म्हणाले की आधीपासून ताण होता. मग ते सात सांगून कुणाचं भलं होणार आहे? उगीच घरात कलह.


मंगळवार, ५ मे

भिंगरी घरी आली. तिला डाव्या हाताने जेवताना बघून लेक म्हणाली, "किती छान जमतंय गं!" तशी भिंगरी म्हणाली, "मला सवय आहे."

लेकीला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला. दप्तर, दात घासणं, केस. केस तिने वेणीसाठी कापले नव्हते. हात डोक्यामागे जात नव्हता तिचा.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.


शनिवार, ९ मे

कळलं की सरांनी संघ सोडला. पालकांची बैठक झाली. दोघातिघांनी त्यांना फार बोल लावले, त्यातले एक तेच खुर्ची देणारे आजोबा. सर म्हणे, "मुलांना माझ्याकडे सोपवायला तुमचं मन घेणार नाही, ते बरोबरच आहे," एवढंच बोलले आणि शिट्टी टेबलावर ठेवून निघाले.

लेक म्हणाली, "बरं झालं."

मी माझे कपडे आता लांबच्या लाँड्रीत देते.


शनिवार, १६ मे

आज गेले. चार वेळा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले होते, पाचव्या वेळी आत शिरले.

सर शर्टाची कॉलर दाबत होते. मला बघून इस्त्री उभी केली. "या आजी. भिंगरीचं कसं आहे?"

"बोटं हलवते," मी म्हणाले. मग धडाधड बोलून टाकलं, थांबले असते तर परत आलेच असते. "सर, त्या दिवशी त्रेपन्न झाल्या होत्या. मी शेहेचाळीस सांगितलं. एकूण सत्तावन्न टाकल्या तिने. कागद मी बदलला. आणि गच्चीवर मी तिच्याकडून रोज तीस-तीस फेकी करून घेत होते, तुमचा सराव नसेल त्या दिवशी. तिचं कोपर दुखत होतं तेही मला माहीत होतं. तुमचं काही चुकलेलं नाही."

ते इस्त्रीच्या दिव्याकडे बघत राहिले. वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"रोज तीस," ते म्हणाले.

"हो."

"मी तिला विचारायचो, घरी फेकतेस का म्हणून. नाही म्हणायची." मग म्हणाले, "आजी, तीन आठवडे मी एकच हिशोब करतोय. पन्नासात असं कसं झालं? मला वाटलं, मला शिकवताच येत नाही. तिला हात चुकीचा फिरवायला मीच शिकवला असणार."

"मी सगळ्या पालकांना सांगते. तुम्ही परत या."

त्यांनी शर्ट उचलला, झटकला, परत पसरला. "सांगा. तुम्हाला सांगावंसं वाटतंय तर जरूर सांगा. पण मी नाही येणार आता. त्या पोरांसमोर उभं राहायचं तर स्वतःवर भरवसा लागतो. तो एकदा गेला की काय करायचं ते मला कळत नाही."

निघताना त्यांनी माझा हात धरला, पायरी उंच आहे म्हणून. तेवढं त्यांनी करायला नको होतं.


रविवार, १७ मे

लेकीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. ऐकता ऐकता थांबली, पण रागावली नाही. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

"त्या माणसाला मी काय काय बोलले, आई. तू तिथे उभी होतीस."

"हो."

"मोसंबी धरून."

"हो."

तिने टॉवेल मांडीवर ठेवला. मी म्हणाले, "तुझ्या वेळी मी कधी आले नाही. एकही शर्यत पाहिली नाही तुझी. वाटलं, हिच्या बाबतीत तरी..."

"माझ्या नावावर नको ढकलूस," लेक म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तू यायची नाहीस तर मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण हरले तर हरले, घरी येऊन डबा धुवायचे. माझ्या धावण्यावर जीव टांगून कुणी बसलेलं नव्हतं. पाय माझे होते."

मग म्हणाली, "तिला तू सांगायचंस. मी सांगणार नाही."

आणि लाँड्रीत गेली. सरांची माफी मागायला.


बुधवार, २० मे

भिंगरी खिडकीशी बसून प्लास्टरवर पेनाने मासे काढत होती. मी समोर बसले. काय बोलायचं ते पाठ करून आले होते, त्यातलं काहीच आठवलं नाही.

"भिंगरे, त्या दिवशी मी सरांना चुकीचा आकडा सांगितला."

"माहितीये," ती म्हणाली. माशाला कल्ले काढत होती.

"काय माहितीये?"

"मी पण मोजत होते. त्रेपन्न झाल्या होत्या."

"मग बोलली का नाहीस? सरांना सांगायचंस ना."

तिने पेन ठेवलं. "तू शेहेचाळीस म्हणालीस. मला वाटलं, तुला मी फायनलला हवीये."

"दुखत होतं तेव्हा?"

"रोजच दुखायचं."

"अगं, मग..."

"तू तिथे खुर्चीवर बसून हसायचीस ना," ती म्हणाली. "घरी तू तशी हसत नाहीस. मी खेळायला लागले त्याच्या आधी तू नुसती त्या वहीत लिहीत बसायचीस."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले. ती मागे सरली नाही. पण हात जरासा आकसून घेतला, प्लास्टरचा, मी धरणार असं वाटून. तेल लावून चोळायचे तेव्हाही ती असाच आकसायची. मी म्हणायचे, गुदगुल्या होतात वाटतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि पुढचा मासा काढायला घेतला. बारा वर्षांच्या मुलीने याहून जास्त काय म्हणावं? मला काय ऐकायचं होतं, तेही मला सांगता येणार नाही.


रविवार, ३१ मे

पालकांच्या बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं. शेवटी एक बाई म्हणाल्या, "आजी आहे, प्रेमापोटी केलं," आणि दोघातिघांनी माना डोलावल्या. तिथून लवकर निघाले. सरांना ज्यांनी बोल लावले होते, त्यांनी मला पाच मिनिटांत माफ केलं, हे काही मला सहन होईना.

नवा प्रशिक्षक आला आहे. तरुण आहे, टोपी उलटी घालतो. फेकी मोजायला यंत्र आणलंय.


शुक्रवार, १७ जुलै

प्लास्टर जाऊन महिना झाला. व्यायाम चालू आहे. कोपर सरळ केलं की शेवटची दोन बोटं अंतर राहतं. डॉक्टर म्हणतात एवढं राहील, कुणाच्या लक्षातही येणार नाही.

वाढदिवसाच्या फोटोत टाळ्या वाजवताना येईल लक्षात. मला तर ती पाण्याचा ग्लास घ्यायला हात पुढे करते तेव्हाही येतं.

गच्चीवरची गादी लेकीने भंगारवाल्याला दिली. मला विचारलं नाही.


रविवार, ११ ऑक्टोबर

भिंगरीचा आज पहिला सामना. पिचर नाही, लांब मागे उभी राहणार, आला चेंडू तर अडवायचा आणि जवळच्याकडे हलकेच द्यायचा. डॉक्टरांनी तेवढी परवानगी दिलीय. खेळायचं की नाही हे तिचं तिने ठरवलं. पाच महिने विषयही काढला नव्हता, आणि परवा एकदम जेवताना म्हणाली, "मी रविवारी जाऊ?"

लेक दाराशी किल्ल्या हातात घेऊन उभी होती. "आई, येतेस?"

भिंगरी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. तिने वर पाहिलं नाही. नाडी बांधून झाली होती, तरी ती बांधत राहिली.

"नको," मी म्हणाले. "गुडघा धरलाय आज. तुम्ही जा."

"बरं," भिंगरी म्हणाली, आणि उड्या मारत जिना उतरली. किती दिवसांनी ऐकल्या त्या उड्या.

सकाळभर मी तांदूळ निवडले. निवडलेलेच होते. दुपारी दोघी आल्या. भिंगरीच्या गुडघ्यांना माती, तोंड लालबुंद. आत येतानाच सांगत सुटली. मैदानात कुत्रं शिरलं, चेंडू तोंडात धरून पळालं, दोन्ही संघ त्याच्या मागे, पंचसुद्धा मागे, पंचांची टोपी पडली तर कुत्र्याने चेंडू टाकून टोपी उचलली. सांगता सांगता तिला हसू आवरेना, तिने भिंतीला पाठ टेकली आणि घसरत खाली बसली.

लेकही हसत होती. "तिथेही अशीच बसली होती, मैदानाच्या मधोमध. हसता हसता रडायला लागली. उठेचना!"

मीही हसले. सामन्याचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता दोघी आत झोपल्यात. मी मघापासून आठवून बघतेय. मार्चपासून एप्रिलपर्यंत भिंगरीचा एकही सामना मी चुकवला नाही. पहिल्या रांगेत बसून तिची प्रत्येक फेक पाहिली, रेघ ओढली. पण मैदानावर ती हसलेली मला एकदाही आठवत नाही. आज हसली. आज मी घरी होते.